“खाजवूं नकोस !” हा उपचार नव्हे

घरांत एखादें मूल तापानें फणफणलें म्हणजे सारें कुटुंब त्याच्या उशापायथ्याशीं जागतें. कोणी कपाळावर पाण्याची पट्टी ठेवतें, कोणी पाय चेपतें, कोणी देवापुढें निरांजन लावतें. परंतु तेंच मूल इसबाच्या खाजेनें रात्रभर तळमळूं लागलें, तर त्याच्या वांट्यास काय येतें ? अंधारांतून आलेला एकच त्रासिक शब्द,— “खाजवूं नकोस !” ताप हा रोग आणि खाज ही खोड, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनहि खोल रुजलेला आहे. हा समज चुकीचा आहे. तो मुलास निष्कारण दुःख देतो, आणि त्याच्या आड खरा उपचार लपून राहतो. हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लेखक वैद्य नव्हे, एक सेवानिवृत्त शिक्षक आहे. जाणत्या डॉक्टरांकडून जें समजून घेतलें, वाचनांत जें आलें आणि घरांत ज्याचा पडताळा आला, तेंच येथें मांडीत आहें.

गेल्या पौषांतील एका रात्रीं दोनच्या सुमारास माझ्या शेजारच्या अंथरुणावरून कर्र कर्र असा आवाज येऊं लागला. तेथें माझा आठ वर्षांचा नातू निजला होता. घरच्या मंडळींनीं झोपेंतल्या झोपेंत त्यास पांचसहा वेळां तरी बजावलें असेल. शेवटीं मीच उठलों, दिवा लावला, आणि करड्या आवाजांत म्हटलें, “किती वेळां सांगायचें तुला ? ऐकत कां नाहींस ?” मुलगा डोळे चोळीत उठून बसला. त्याच्या कोपराच्या आंतल्या घडींत रक्ताचे बारीक थेंब उभे राहिले होते व चादरीवर डाग पडले होते. तो रडला नाहीं. एवढेंच म्हणाला, “आजोबा, मी नाहीं खाजवीत. मी झोपलों होतों. हात आपोआप जातो.”

या उत्तरानें मी चपापलों. कारण असेंच उत्तर मीं पूर्वीं एकदां ऐकलें होतें, आणि तें खोटें मानलें होतें. १९९४ सालची गोष्ट. मी इयत्ता आठवीस संस्कृत शिकवीत असें. वर्गांतला एक मुलगा पहिल्याच तासाला डुलक्या घेई, आणि जागा असला म्हणजे बांकाखालीं हात नेऊन गुडघ्याची लवण खाजवीत बसे. त्याच्या शेजारीं बसावयास कोणी तयार नसे. मीं त्यास दोनतीन वेळां समज दिली, आणि एके दिवशीं दोन्ही हात पुढें करावयास लावून तासभर उभें केलें. “सर, मी मुद्दाम करीत नाहीं,” एवढेंच तो म्हणाला. उभा असतांना त्याच्या हातांची चुळबुळ थांबेना. तें मीं उद्धटपणाचें लक्षण मानलें. वार्षिक परीक्षेच्या सुमारास त्याचे वडील भेटावयास आले, तेव्हां कळलें कीं, त्यास तान्हेपणापासून इसब असून रात्रीची अखंड झोप त्या मुलास वर्षानुवर्षें मिळालेली नाहीं. पुढें वडिलांची बदली झाली आणि मुलगा शाळा सोडून गेला. माझी चूक मीं त्याच्यापाशीं कबूल केली नाहीं. ती राहून गेली. नातवाच्या उत्तरानें ती पुन्हां समोर येऊन उभी राहिली, आणि या रोगाची नीट माहिती करून घेण्यास मी प्रवृत्त झालों.

कंडू आणि कंडूयन

संस्कृत व्याकरणांत ‘कण्ड्वादि’ नांवाचा शब्दांचा एक स्वतंत्र गण आहे. त्यांतील पहिला शब्द ‘कण्डू’. तो नाम म्हणून योजिला तर खाज असा अर्थ होतो. धातु म्हणून चालविला तर अंग घासणें, खाजविणें असा अर्थ होतो. खाज आणि खाजविणें हीं दोन्ही एकाच शब्दांत सांपडावीं, यांत आपल्या पूर्वजांचें मार्मिक निरीक्षण दिसतें. पाश्चात्य वैद्यकांतहि सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्यानें १६६० सालीं खाजेची जी व्याख्या केली, ती हीच : खाजविण्याची इच्छा उत्पन्न करणारी अप्रिय संवेदना म्हणजे खाज. ती व्याख्या आजहि प्रमाण मानली जाते. ज्या संवेदनेच्या व्याख्येंतच खाजविण्याची इच्छा आहे, ती होत असतांना मुलास “खाजवूं नकोस” असें सांगणें म्हणजे शिंक आलेल्या माणसास “शिंकूं नकोस” असें सांगण्यासारखेंच होय.

खाजविल्यानें सुख कां होतें आणि तें क्षणांत कां सरतें, याचाहि आतां उलगडा झालेला आहे. नखांनीं होणारी बारीक वेदना ही पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूच्या ठिकाणीं खाजेच्या संदेशास तात्पुरती दडपून टाकते. परंतु ती वेदना शमविण्यासाठीं मेंदू ‘सेरोटोनिन’ नांवाचें द्रव्य सोडतो, आणि तेंच द्रव्य खाज वाहून नेणाऱ्या तंतूंना अधिक उद्दीपित करतें, असें अमेरिकेंतील सेंट लुइस येथें उंदरांवर केलेल्या प्रयोगांत २०१४ सालीं आढळून आलें. शिवाय नखांनीं कातडी फाटली म्हणजे दाह वाढतो, दाहानें खाज वाढते, आणि खाजेनें नखें पुन्हां चालूं लागतात. हें चक्र महिनोन् महिने चाललें म्हणजे त्या जागेची त्वचा जाड, काळसर व सुरकुतलेली होते, आणि अशा जाड त्वचेस खाजहि अधिक सुटते. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधांत प्रह्लादाच्या मुखीं विषयसुखास हात खाजविण्याच्या सुखाची उपमा आलेली आहे, ती किती यथार्थ आहे हें येथें पटतें.

इसब म्हणजे काय ?

ज्यास आपण इसब म्हणतों, त्याचें इंग्रजी नांव एक्झिमा. हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ उकळून वर येणें असा आहे. आयुर्वेदांत याच्याशीं मिळतें वर्णन विचर्चिकेचें असून चरकसंहितेंत तिची गणना अकरा क्षुद्रकुष्ठांत केलेली आहे. त्याच ग्रंथांत कंडूघ्न अशा दहा औषधींचा एक स्वतंत्र वर्गहि दिलेला आहे. म्हणजे खाज ही स्वतंत्र उपचारास पात्र अशी पीडा आहे, हें प्राचीनांनीं ओळखलें होतें. ती केवळ एक वाईट संवय आहे, असा शोध मात्र आपण नंतर लावला !

इसबाचे प्रकार अनेक आहेत. मोठ्या माणसांत सिमेंट, धुण्याचा साबण, टिकलीचा डिंक, अथवा पुण्याच्या परिसरांत १९५६ च्या सुमारास प्रथम नोंदलें गेलेलें आणि आतां देशभर माजलेलें गाजरगवत, यांच्या स्पर्शानेंहि इसब होतो. परंतु लहान मुलांत आढळणारा इसब बहुधा उपजत प्रवृत्तीचा असतो. तान्ह्या मुलाच्या गालांवर तो प्रथम दिसतो. पुढें कोपरांच्या घडींत, गुडघ्यांच्या लवणींत, मनगटांवर व मानेवर ठाण मांडतो. ज्या घराण्यांत दमा किंवा वारंवार शिंका येण्याची व्याधि आहे, तेथें तो अधिक आढळतो.

आपली त्वचा ही विटांची भिंत आहे अशी कल्पना करावी. पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्य हा चुना. हा चुना कमी पडला कीं, आंतील ओलावा बाहेर निघून जातो, आणि बाहेरचे साबण, धूळ, घाम व जंतु आंत शिरून दाह उत्पन्न करतात. त्वचेची ही भिंत बळकट ठेवणारें ‘फिलॅग्रिन’ नांवाचें एक प्रथिन आहे. तें तयार करणाऱ्या जनुकांतील दोष या इसबाच्या अनेक रोग्यांत असतो, असें स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ सालीं दाखवून दिलें. यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. हा रोग अस्वच्छतेचा नव्हे. तो स्पर्शानें दुसऱ्यास लागत नाहीं. आणि ‘रक्त बिघडलें’ म्हणून तो होत नाहीं. माझ्या वर्गांतील मुलें ज्याच्या शेजारीं बसत नव्हतीं, त्याच्यापासून त्यांना कसलेंहि भय नव्हतें. तें त्यांना सांगण्याचें काम माझें होतें.

रात्रच कां ?

दिवसा शाळा, खेळ, भावंडें यांच्या नादांत खाजेकडे दुर्लक्ष होतें; रात्रीं तें साधन राहत नाहीं. परंतु हें एकच कारण नव्हे. निजण्याच्या वेळेस शरीराची उष्णता त्वचेकडे वळते, आणि उबेनें खाज वाढते. रात्रीं त्वचेंतून ओलावाहि अधिक उडून जातो. शरीर स्वतः जें दाहशामक द्रव्य निर्माण करतें, त्या ‘कॉर्टिसोल’चें प्रमाण मध्यरात्रीच्या सुमारास अतिशय कमी झालेलें असतें. म्हणजे शत्रु प्रबळ आणि पहारेकरी निजलेला, अशी त्या वेळची स्थिति असते. खाजविणें हें बहुधा उथळ झोपेंत घडतें. मुलाची इच्छाशक्ति त्या वेळीं जागी नसते. “हात आपोआप जातो” हें माझ्या नातवाचें वाक्य अक्षरशः खरें होतें.

आणि म्हणूनच या लेखांतील मुख्य मुद्दा असा कीं, रात्रीच्या खाजविण्याचा बंदोबस्त रात्रीं करतां येत नाहीं; तो संध्याकाळींच करावा लागतो, आणि तो मुलानें नव्हे, घरानें करावा लागतो.

आधीं निदान

रात्रीं खाज सुटते म्हणून तो इसबच, असें समजूं नये. खरजेची खाजहि रात्रींच वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोंवतीं पुरळ असेल, आणि घरांतील एकाहून अधिक माणसें खाजवीत असतील, तर खरजेचा संशय घ्यावा. ती सूक्ष्म किड्यापासून होते व स्पर्शानें पसरते. म्हणून एकत्र कुटुंबांत डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध सर्वांनीं एकाच वेळीं लावावें लागतें, आणि अंथरुणें-पांघरुणें व कपडे गरम पाण्यानें धुवावे लागतात. एकजण जरी “मला कुठें खाज आहे ?” म्हणून वगळला, तरी रोग फिरून येतो. नायटा, ज्यास गजकर्ण म्हणतात, तो बुरशीपासून होतो. त्याची कड गोल व उठावदार असते, आणि इसबाचें मलम त्यावर लावल्यास तो चेकाळतो. यास्तव त्वचारोगतज्ज्ञास एकदां दाखविल्यावांचून कोणतेंहि मलम सुरू करूं नये.

निजण्यापूर्वीची तयारी

स्नानापासून आरंभ करूं. थंडीच्या दिवसांत कढत पाण्यानें खाजेस क्षणभर फार बरें वाटतें, परंतु तेंच पाणी त्वचेची उरलीसुरली स्निग्धता धुवून नेतें. पाणी कोमट असावें आणि स्नान पांच ते दहा मिनिटांत आटोपावें. फेंसाळ व सुगंधी साबण वर्ज्य करावा. त्याऐवजीं डॉक्टर सांगतील तें सौम्य द्रव्य वापरावें. डाळीचें पीठ, उटणें, घांसणी यांनीं चट्टे चोळणें अगदीं बंद करावें. दिवाळीच्या पहाटेचें अभ्यंग करावयास हरकत नाहीं, पण खरखरीत उटण्याचा मान त्या मुलापुरता बाजूस ठेवावा. अंग मऊ पंच्यानें टिपून घ्यावें, पुसूं नये.

अंग टिपल्यावर, तें किंचित ओलसर आहे तोंच, म्हणजे तीनएक मिनिटांच्या आंत, स्निग्ध लेप लावावा. साधी, वासरहित, पांढरी पेट्रोलियम जेली ही या कामीं स्वस्त व उत्तम आहे. हा लेप केवळ चट्ट्यांवर नव्हे, सर्वांगास लावावयाचा असतो, आणि इसब दिसत नसेल त्या दिवशींहि लावावयाचा असतो. येथें बहुतेक घरें कंजूषपणा करतात. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनाप्रमाणें लहान मुलास आठवड्यास अडीचशे ते पांचशे ग्रॅम लेप लागतो. आपण दहा ग्रॅमची डबी महिनाभर पुरवतों आणि “गुण नाहीं” म्हणतों. खोबरेल तेल न फाटलेल्या त्वचेवर सौम्य इसबांत उपयोगी पडतें. मोहरीचें व ऑलिव्हचें तेल मात्र त्वचेच्या भिंतीस उलट अपाय करतें, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. एक सावधगिरी अवश्य घ्यावी : पेट्रोलियम जेली मुरलेले कपडे व चादरी चटकन पेट घेतात, म्हणून असें मूल समई, निरांजन किंवा उदबत्ती यांपासून दूर बसवावें.

आतां मलमाविषयीं. दाह भडकलेला असतां केवळ स्निग्ध लेपानें भागत नाहीं. स्टेरॉइडचें मलम लागतें. १९५२ सालीं न्यूयॉर्कमध्यें सल्झबर्गर व विटन या डॉक्टरांनीं हायड्रोकॉर्टिसोनचें मलम या रोगावर यशस्वीपणें वापरलें, आणि तेव्हांपासून हा मुख्य उपाय ठरला आहे. याविषयीं आपल्याकडे दोन टोकें दिसतात. एक पक्ष स्टेरॉइडचें नांव काढतांच डबी फेंकून देतो. दुसरा पक्ष शेजाऱ्याच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानांतून कोणतेंहि मिश्र मलम आणून महिनोन् महिने तोंडासहि फांसतो. पहिल्यानें दाह धुमसत राहतो; दुसऱ्यानें त्वचा पातळ व लाल होते. या दुरुपयोगामुळेंच भारत सरकारनें २०१८ सालीं अशीं अनेक मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केला. डॉक्टर सांगतील त्या शक्तीचें मलम, सांगतील तितकेच दिवस, सांगतील त्याच जागीं लावावें; तसें केल्यास तें निर्धोक असतें. प्रमाणासाठीं १९९१ सालापासून एक सोपें माप रूढ झालें आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेऱ्यावर, घडीपासून टोंकापर्यंत, नळींतून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारें अर्धा ग्रॅम, ती दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. ज्यांना हें मलम सोसत नाहीं, किंवा चेहऱ्यासारख्या नाजूक जागीं तें दीर्घकाळ नको असतें, त्यांच्यासाठीं टॅक्रोलिमससारखीं दुसरीं मलमें आहेत. आणि अतिशय तीव्र रोगासाठीं नवीं इंजेक्शनेंहि निघालीं आहेत. तात्पर्य, आज या रोगांत हातपाय गाळून बसण्याचें कारण नाहीं.

खाज फारच अनावर असेल त्या रात्रीं डॉक्टरांच्या संमतीनें ओला पट्टा बांधतां येतो. लेप व औषध लावून त्यावर कोमट पाण्यांत पिळून काढलेलें मऊ सुती कापड गुंडाळावें, आणि वरून कोरडें सुती कापड घालावें. ओलाव्यानें जागा थंडावते, औषध नीट मुरतें, आणि नखांस आयता अटकाव होतो. जखम चिघळलेली असल्यास मात्र हा प्रयोग करूं नये, व मुलास हुडहुडी भरूं देऊं नये.

अंथरुणाचाहि विचार हवा. धाबळी, लोंकर, कृत्रिम धाग्याचें कापड हीं त्वचेस टोंचतात. जुन्या मऊ धोतराची किंवा लुगड्याची गोधडी उत्तम. पांघरूण हलकें असावें, खोली थंड व हवेशीर असावी. अंगांत लांब बाह्यांचा सैल सुती सदरा असावा. नखें आठवड्यांतून दोनदां कापून त्यांच्या कडा घांसून गुळगुळीत कराव्या. शनिवारीं नखें काढूं नयेत वगैरे विधिनिषेध येथें बाजूस ठेवावे. लहान मुलाच्या हातांत सुती मोजे घालावे. परंतु हात बांधूं नयेत. हात बांधल्यानें खाज जात नाहीं. बांधलेल्या मुलाची केवळ तळमळ वाढते.

ऐन खाजेच्या वेळीं

इतकें करूनहि मूल रात्रीं जागें झालें तर ? त्यास ‘नको’ म्हणण्याऐवजीं काय ‘करावें’ हें सांगावें. थंड पाण्यांत पिळलेला रुमाल जागेवर दोन मिनिटें ठेवावा, किंवा तळहातानें ती जागा नुसती दाबून धरावी, आणि मग लेपाचा हात फिरवावा. स्वीडनमधील नोरेन व मेलिन यांनीं १९८९ सालीं संवय पालटण्याची एक रीति इसबाच्या रोग्यांवर वापरून पाहिली, आणि केवळ मलम लावणाऱ्यांपेक्षां तीहि शिकलेल्यांचें खाजविणें अधिक कमी झाल्याचें त्यांस आढळलें. आज ती साधारणपणें अशी शिकवितात : हात खाजेकडे जाऊं लागतांच मूठ घट्ट आवळावी, मनांत तीसपर्यंत अंक मोजावे, आणि तरीहि खाज उरली तर ती जागा नखाच्या टोंकानें हलकेच दाबावी, ओरखडूं नये. दिवसा केलेला हा सराव जाग आल्यावर रात्रींहि उपयोगी पडतो. माझ्या नातवानें ‘एक, दोन, तीन’च्या ऐवजीं तीसपर्यंतच्या संख्या संस्कृतांत म्हणावयास घेतल्या, त्यास त्याची गंमत वाटते, आणि आजोबांसहि समाधान वाटतें.

झोपेच्या गोळ्यांविषयीं दोन शब्द. खाज म्हटली कीं सर्दीवर देतात तशी गोळी देण्याचा प्रघात आहे. परंतु इसबाची खाज मुख्यतः ‘हिस्टामिन’ या द्रव्याची नसल्यानें त्या गोळीनें खाज फारशी शमत नाहीं. जुन्या गोळ्यांनीं नुसती गुंगी येते, आणि दुसऱ्या दिवशीं मूल वर्गांत पेंगतें. डॉक्टरांनीं सांगितल्याशिवाय ती देऊं नये.

आहाराच्या बाबतींत तर आपल्या घरांत धर्मशास्त्राहून कडक नियम निघतात. वांगें बंद, आंबट बंद, दूध बंद, दाणे बंद ! कांहीं तान्ह्या मुलांत विशिष्ट अन्नाचा संबंध असतो, हें खरें. पण तो डॉक्टरांनीं तपासून ठरवावयाचा असतो. वाढत्या मुलाचें दूध व डाळ संशयानेंच तोडल्यास इसब जात नाहीं, अंगावरचें मांस मात्र जातें. तसेंच “इसब दाबला तर दमा होतो” ही समजूतहि निराधार आहे. दमा व इसब हीं एकाच प्रवृत्तीचीं भावंडें आहेत. एकावर उपचार केल्यानें दुसरें जन्मास येत नाहीं. लसूण, लिंबू, चुना किंवा कच्च्या पाल्याचा रस फाटलेल्या त्वचेवर चोळणें हें तर भाजून घेण्यासारखें आहे.

कांहीं चिन्हें दिसतांच मात्र विलंब करूं नये. चट्ट्यांतून पिंवळसर लस वाहून मधासारखी खपली धरूं लागली, जागा गरम व दुखरी झाली, तर जंतूंचा शिरकाव झाला आहे असें समजावें. आणि इसबाच्या जागीं एकसारख्या आकाराचे फोड किंवा टोंचून काढल्यासारखे बारीक व्रण एकदम उठले व ताप आला, तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा प्रादुर्भाव असूं शकतो. त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

घराचें कर्तव्य

एकत्र कुटुंबांत या रोगास एक विशेष अडचण असते. उपचार सांगणारीं माणसें दहा आणि रोज रात्रीं लेप लावणारें कोणी नाहीं. आजी कडुनिंबाचा काढा सांगतात, काकू कोणा ओळखीच्या वैद्याची पुडी आणतात, मामा परगांवाहून नवें मलम पाठवितात. सर्वांचा हेतु चांगला, पण मुलाच्या अंगावर आठवड्यास एक नवा प्रयोग होतो. आमच्याकडेहि हेंच चाललें होतें. शेवटीं आम्हीं असें ठरविलें कीं, डॉक्टरांनीं आंखून दिलेला एकच क्रम चालावयाचा, आणि त्याची जबाबदारी एकाचीच. मी सेवानिवृत्त, मजपाशीं वेळ आहे, म्हणून ती मीं घेतली. रोज रात्रीं साडेआठला कोमट स्नान, मग लेप, डॉक्टरांनीं सांगितलेल्या दिवशीं मलम, मग एक गोष्ट. एका वहींत तारीख, लावलेलें औषध, आणि रात्रीं किती वेळां जाग आली, एवढें टिपून ठेवतों. ती वही पाहून डॉक्टरांसहि निर्णय करणें सोपें जातें. आणि सर्वांनीं एक व्रत घेतलें : घरांत “खाजवूं नकोस” हे शब्द उच्चारावयाचे नाहींत. सर्वांत अवघड व्रत हेंच ठरलें. माझ्या पत्नीस तर पहिले आठ दिवस अक्षरशः जीभ चावावी लागली !

इसब समूळ गेला, असें मी म्हणणार नाहीं. थंडींत कातडी कोरडी पडली, उन्हाळ्यांत घाम आला, किंवा परीक्षा जवळ आली कीं तो डोकें वर काढतो. पुष्कळ मुलांत वयाबरोबर तो ओसरतो, कांहींत ओसरत नाहीं. तें आपल्या हातीं नाहीं. पण चैत्र येईपर्यंत वहींतल्या जागरणांची संख्या रोजच्या पांचसहांवरून आठवड्यांत एकदोनवर आली. चादरीवरचे डाग बंद झाले. त्याची आई सांगते कीं, तो सकाळीं हांक मारल्यावर पहिल्यासारखा चिडून उठत नाहीं. आणि मुख्य म्हणजे, रात्रीं जाग आली तर तो आतां लपून खाजवीत नाहीं, मला हलवून म्हणतो, “आजोबा, लेप लावा.” पूर्वीं त्यास रोगाइतकेंच आमचें भय होतें, हें मला तेव्हां कळलें.

माझे व्यवसायबंधु जे आज वर्गावर आहेत, त्यांस एकच विनंति करावयाची आहे. पहिल्या तासाला पेंगणारा, बाह्या खालीं ओढून बसणारा, बांकाखालीं हात नेणारा मुलगा दिसला, तर त्यास उभें करण्यापूर्वीं मधल्या सुट्टींत जवळ बोलावून विचारावें, “बाळ, रात्रीं झोप लागते ना रे ?” आणि त्याच्या शेजारीं कोणास तरी बसवावें. मीं हा प्रश्न १९९४ सालीं विचारावयास पाहिजे होता. ज्यास विचारावयाचा, तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. कदाचित् त्याच्याहि घरांत एखादें मूल रात्रीं खाजेनें जागें होत असेल. हा लेख त्याच्या हातीं पडलाच, तर त्यांतील माहिती त्यानें मुलाच्या उपयोगास लावावी, आणि उरलेलें आपल्या जुन्या शिक्षकाचें, उशिरां कां होईना, क्षमायाचन समजावें.